मिस्त्रींच्या हातातलं काम पोरांच्या हातात कसं उतरवायचं?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. चार सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारे) लेथ, एक व्हीएमसी (तसंच चालणारं मिलिंग मशीन), दोन जुने लेथ, एक रेडियल ड्रिल. फौंड्रीकडून कास्टिंग येतात, आम्ही मशीनिंग करून फ्लँज, हाउसिंग, पुली परत देतो. मी धरून माणसं १४. सेटिंग, म्हणजे जॉबसाठी मशीन जुळवून देणं, फक्त आमच्या मिस्त्रींना येतं. ते वडिलांच्या वेळेपासून, २२ वर्षं आमच्याकडे आहेत. नवीन पोरं येतात आणि चार-पाच महिन्यांत जातात. मागच्या महिन्यात एका लॉटमध्ये ४० फ्लँजचा ८० मिमीचा बोअर (आतलं गोल भोक) मोठा झाला आणि कास्टिंगचे २८,००० रुपये आमच्यावर डेबिट पडले. मिस्त्रींना शिकवा म्हटलं की ‘बघून शिकतील’ म्हणतात. मे महिन्यात त्यांच्या मुलीचं लग्न आहे, १२ दिवस सुट्टी मागितली आहे. शिकवायला वेळ कुठून काढू? पोरांकडून बाँड लिहून घेऊ का? मूळ दाखले ठेवून घेऊ का?
(एक वर्कशॉपमालक, कोल्हापूर)

उत्तर : तुमचे प्रश्न तीन-चार आहेत, पण सगळ्यांना बांधणारी तारीख एकच आहे, मे महिन्यातलं लग्न. पत्र जानेवारीच्या शेवटी लिहिलंय, म्हणजे हातात साधारण १५ आठवडे आहेत. तेवढ्यात सेटर तयार होत नाही. हुशार पोराला, रोज शिकवलं तरी, वर्ष लागतं. पण दोन पोरं तुमची नेहमी फिरून येणारी चार-पाच कामं मिस्त्री नसताना चालवतील, एवढं या वेळात होतं. योजना तेवढ्याच मापाची आखू या. ‘सगळ्यांना सगळं शिकवायचं’ असं ठरवून बसलेली शॉप दुसऱ्या महिन्यात शिकवणं सोडून देतात.

बाँड आणि दाखल्यांचं आधी संपवू. मूळ दाखले ठेवून घेऊ नका, एक दिवससुद्धा. तो त्या पोराच्या पुढच्या आयुष्याचा कागद आहे आणि तो अडकवणं म्हणजे माणूस अडकवणं. झेरॉक्स घ्या, मूळ प्रत डोळ्याने बघा आणि हातात परत द्या. बाँडनेही माणूस थांबत नाही, फक्त न सांगता जातो. पगार झाला की दुसऱ्या दिवशी मशीनवर कुणी नसतं आणि फोन बंद असतो. पोरं का जातात, ते पुढे बघू.

आता त्या ४० फ्लँजकडे या, कारण नेमकं काय शिकवायचं ते तिथेच दिसतं. ८० मिमीचा बोअर एच७ या मापवर्गात असेल तर टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, ० ते +०.०३० मिमी. असा बोअर मोठा होण्याची नेहमीची कारणं तीन. पहिलं आणि सगळ्यात जास्त घडणारं असं : इन्सर्ट (टूलची कापणारी, बदलता येणारी टिकली) झिजत गेला की बोअर लहान येऊ लागतो, ऑपरेटर थोडा थोडा वेअर ऑफसेट (झिजेच्या भरपाईसाठी मशीनला द्यायचा आकडा) वाढवत जातो, पन्नास-साठ पीसमध्ये तो +०.०८ पर्यंत पोचतो. मग इन्सर्टची कड बदलली जाते, पण आधीचा वेअर तसाच राहतो. नवी कड पूर्ण मापाची, वर ०.०८ जादा, पुढचा पीस बाद. दुसरं कारण मापाचं. बोअर डायल (बोअरचा व्यास मोजायचं डायलचं साधन) हाताशी नसला की पोरगा व्हर्निअरच्या आतल्या जबड्यांनी माप घेतो. जबडे थोडे तिरके बसले किंवा बरोबर व्यासावर आले नाहीत तर रीडिंग खऱ्यापेक्षा कमीच दाखवतं. पोराला वाटतं बोअर लहान आहे, तो ऑफसेट वाढवतो आणि चांगला चाललेला जॉब बिघडवतो. तिसरं कारण बोटाचं : ०.०१ ऐवजी ०.१ दाबलं जातं, नाहीतर उणेच्या जागी अधिक.

यातलं कुठलंही घडलं असेल, पण बिघडायला हवा होता एक पीस. ४० बिघडले, कारण मध्ये कुणी मोजलंच नाही. दर पाचव्या पीसचं माप वहीत लिहायचा नियम असता तर नुकसान फार तर पाच पीसचं झालं असतं. हे पोराच्या आळसावर टाकू नका. कितव्या पीसला, कुठल्या साधनाने, कुठे लिहायचं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ‘बघून शिकतील’ यात हीच गोची आहे. बघून हाताची हालचाल कळते. मिस्त्री इन्सर्ट बदलताना मनात वेअर शून्य करतात, ते बघणाऱ्याला दिसत नाही.

म्हणून पहिलं काम फळ्याचं. ऑफिसमध्ये नाही, शॉपमध्ये, पाण्याच्या माठाजवळ लावा. उभ्या ओळीत माणसांची नावं. आडव्या ओळीत कामं, पण ‘सीएनसी’ असा एक रकाना करू नका. त्यातून काहीच कळत नाही. असे तोडा : जॉब चकमध्ये (जॉब धरून फिरवणाऱ्या भागात) पकडणं, मायक्रोमीटर आणि व्हर्निअर, बोअर डायल, इन्सर्ट बदलणं, वेअर ऑफसेट देणं, पहिला पीस पास करणं, सॉफ्ट जॉ (चकचे मऊ जबडे, जॉबच्या मापाला कापून घ्यायचे) बोअर करणं, रिपीट जॉबचा प्रोग्रॅम बोलावून वर्क झीरो (जॉबवर जिथून मापं मोजायची तो बिंदू) घेणं, प्रोग्रॅममध्ये बदल करणं, नव्या जॉबचं सेटिंग. दहा रकाने झाले. प्रत्येक चौकोनात आकडा लिहा : ० म्हणजे येत नाही, १ म्हणजे बघितलंय, २ म्हणजे कुणी शेजारी उभं असेल तर करतो, ३ म्हणजे एकटा करतो, ४ म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. आकडे तुम्ही आणि मिस्त्रींनी मिळून, त्या माणसासमोर भरायचे. ज्या रकान्यात ३ किंवा ४ असलेला एकच माणूस आहे, त्याला लाल खडूने चौकट करा. तुमच्याकडे बहुतेक सहा-सात रकाने लाल होतील. मे महिन्यापर्यंत पहिल्या आठ रकान्यांतली लाल चौकट पुसायची. शेवटचे दोन मिस्त्रींकडेच राहू द्या. १२ दिवस नवा जॉब घेतला नाही तर चालतं.

दोन पोरं निवडताना सगळ्यात चटपटीत कोण हे बघू नका. माप नीट लिहितो कोण, चूक झाली की येऊन सांगतो कोण, ते बघा. चूक लपवणारा हुशार मुलगा सेटिंगला घातला तर तोच तुम्हाला पुढचे ४० फ्लँज देईल.

दुसरं काम कागदाचं. शिकवायच्या प्रत्येक कामाचा एक कागद, एका पानाचा, तीन रकान्यांचा : काय करायचं, कशाकडे लक्ष द्यायचं, का. तिसरा रकाना सोडला तर कागद वाया गेला, कारण ‘का’ कळलेला मुलगाच वेगळी परिस्थिती आली की नीट वागतो. मिस्त्रींना लिहायला बसवू नका. ते काम करत असताना तुम्ही किंवा सुपरवायझरने शेजारी उभं राहून लिहायचं आणि दर हालचालीला विचारायचं, ‘हे असंच का?’ बोरिंग बारचा इन्सर्ट बदलण्याचा कागद साधारण असा होईल :

स्पिंडल थांबवा, टरेट (टूल धरणारा फिरता भाग) चकपासून लांब न्या. का : हात आणि चालू चक यांच्यात अंतर हवं, आणि किल्ली सुटली तर जॉबवर आपटू नये.

स्क्रू सैल करून इन्सर्ट काढा, खालची बैठक ब्रशने साफ करा, बोटाने नाही. हवेचा पाइप मारू नका. का : चिप डोळ्यात उडते, आणि बैठकीवर बारीक कण राहिला तर इन्सर्ट उचलून बसतो, माप हलतं आणि कड फुटते.

नवी कड उजेडात बघा, वापरलेल्या कडेवर मार्करने खूण करा. का : नाहीतर दुसऱ्या पाळीचा माणूस तीच झिजलेली कड पुन्हा लावतो.

स्क्रू त्याच्याच किल्लीने आवळा, पाइप घालून नाही. का : स्क्रूचं डोकं गोल होतं, मग तो काढायला अर्धा दिवस जातो.

त्या टूलचा जुना वेअर शून्य करा, मग एक्समध्ये, म्हणजे व्यासाच्या दिशेत, -०.२० द्या. का : लहान बोअर पुन्हा कापता येतो, मोठा झालेला परत भरता येत नाही. बाहेरचा व्यास असेल तर उलट, +०.२०.

पीस कापा, चकमध्येच ठेवून थंड होऊ द्या, बोअर डायलने माप घ्या, फरक भरून पुन्हा कापा. का : ८० मिमीचं बीडाचं कास्टिंग २० अंशांनी गरम असेल तर व्यास सुमारे ०.०१८ मिमी मोठा दिसतो. अर्ध्याहून जास्त टॉलरन्स तिथेच गेला.

पुढचा पूर्ण पीस कापून पुन्हा मोजा. का : दुसऱ्या कटला मटेरियल कमी होतं, बार कमी वाकला होता, पूर्ण कटला माप थोडं बदलतं.

या कागदाखाली एक ओळ मोठ्या अक्षरात हवी : एका वेळी ०.०५ पेक्षा जास्त वेअर द्यायचा असेल तर मिस्त्रींना विचारा. इन्सर्ट बदलतानाचे ०.२० सोडून. बऱ्याच कंट्रोलमध्ये एका वेळी किती वेअर घालता येईल याची मर्यादा पॅरामीटरने बांधता येते. मशीन कंपनीच्या सर्व्हिसवाल्याकडून ती एकदा घालून घ्या. मर्यादा ०.२५ ठेवली तर इन्सर्ट बदलता येतो, आणि दशांश चिन्ह विसरून थेट १ किंवा १० मिमी घातलं जाण्याची चूक मशीनच अडवतं. ०.०१ च्या जागी ०.१ मात्र त्यातून सुटतं, तिथे वही आणि मिस्त्रीच.

ओडिशा, बिहारची पोरं असतील तर हाच कागद हिंदीत करा. मोबाइलवर छोटे व्हिडिओही काढा, एका पायरीचा एक, मिनिटाभराचा, हातांवर कॅमेरा. मशीनच्या आवाजात बोललेलं काही ऐकू येत नाही, म्हणून अक्षरं टाका. व्हिडिओ उजळणीसाठी चांगला असतो, शिकवण्याच्या जागी मात्र चालत नाही.

शिकवायची पद्धत जुनी आणि पारखलेली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांतले कसबी कामगार कमी पडू लागले आणि नवखी माणसं घेऊन उत्पादन वाढवायची वेळ आली, तेव्हा १९४० मध्ये तिथे ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. १९४५ मध्ये तो तिथे संपला, पण युद्धानंतर जपानी कारखान्यांनी तो उचलला आणि अजून सोडलेला नाही. त्यात चार पायऱ्या आहेत. आधी पोराला मोकळं करा, या कामाचं त्याला काय माहीत आहे ते विचारा. मग करून दाखवा : पहिल्यांदा नुसतं काय, दुसऱ्यांदा कशाकडे लक्ष द्यायचं, तिसऱ्यांदा का. मग त्याच्याकडून करून घ्या, पहिल्यांदा गुपचूप, मग तोंडाने सांगत सांगत. शेवटी त्याला एकटा सोडा, पण अडलं तर कुणाकडे जायचं त्याचं नाव सांगा आणि आधी तासातासाने, मग दिवसातून दोनदा बघा.

आपल्याकडे तिसरी पायरी गाळली जाते. मिस्त्री दाखवतात, विचारतात ‘समजलं का?’, पोरगा मान डोलावतो आणि शिकवणं झालं. समजलं का, हा प्रश्नच विचारू नका. ‘वेअर शून्य का केला, सांग,’ असं विचारा. उत्तर अडखळलं तर दुसऱ्या पायरीवर परत. यात पोराचा अपमान नाही, आणि तसं त्याला आधीच सांगून ठेवा.

मोजमापाची परीक्षा मात्र वेगळी घ्या, कारण माप चुकलं की बाकी सगळं शिकवणं फुकट. पाच पीसवर नंबर घाला, मिस्त्रींनी त्यांची मापं घेऊन कागद खिशात ठेवायचा. पोराने ते पाच पीस आज मोजायचे, दोन दिवसांनी क्रम बदलून पुन्हा मोजायचे. दोन्ही वेळा मिस्त्रींच्या मापापेक्षा ०.०१ च्या आत आला तर पास. नापास होण्याची कारणं ठरलेली असतात : मायक्रोमीटरचं शून्य तपासलं नाही, रॅचेट सोडून थिंबलच आवळलं, कडेची बर (कापताना उरलेली धारदार कोर) काढली नाही, बोअर डायल झुलवून सगळ्यात कमी रीडिंग घ्यायचं ते घेतलं नाही. ०.०३ च्या टॉलरन्सला ०.०२ वाचणारा व्हर्निअर वापरायचाच नाही, हेही याच वेळी डोक्यात पक्कं बसवा.

वेळ कुठून काढायचा, हा तुमचा खरा प्रश्न. हिशेब करा. आठवड्यातून चार दिवस, २५ मिनिटं, १५ आठवडे : एकूण २५ तास. मशीन-अवर रेट उदाहरणासाठी ४०० रुपये धरला आणि तेवढा वेळ मशीन पूर्ण बंद राहिलं असं मानलं तरी १०,००० रुपये. प्रत्यक्षात मशीन बरंच चालूच असतं. एका लॉटचं डेबिट २८,००० होतं, त्यात तुमची मशीनिंगची मजुरी धरलेलीच नाही. ही २५ मिनिटं पाळी सुरू होऊन तासाभराने ठेवा, पहिला पीस पास झाल्यावर. पाळी सुटताना ठेवली तर सगळ्यांचं लक्ष बसकडे असतं. डिस्पॅचच्या दिवशी ठेवू नका. आणि एकदा ठरलेली वेळ ‘आज घाई आहे’ म्हणून मोडू नका. तुम्ही मालक असून दोनदा मोडलीत तर तिसऱ्यांदा मिस्त्री मोडतील आणि त्यांना बोलायला तुम्हाला तोंड राहणार नाही.

आता मिस्त्रींकडे. ते आडमुठे आहेत असं तुमच्या पत्रातून वाटतं, पण त्यांच्या जागी उभं राहून बघा. २२ वर्षं ज्या कामामुळे त्यांचा शॉपमध्ये शब्द चालतो, ते काम दोन पोरांना देऊन टाका असं तुम्ही म्हणताय. त्या बदल्यात काय, ते तुम्ही सांगितलेलं नाही. वर त्यांचा इन्सेन्टिव्ह पीसवर असेल तर शिकवण्याच्या दिवशी त्यांचा पगारच कापला जातो. शिकवणारा माणूस स्वतःच्या खिशातून शिकवतोय, अशी व्यवस्था असेल तर तो शिकवणार नाही, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

म्हणून फळा लावायच्या आधी त्यांच्याशी एकट्याने बोला, चहा घेऊन, मशीनजवळ नाही. तीन गोष्टी स्पष्ट सांगा. पहिली, त्यांची जागा आणि पगार पोरं तयार झाल्यावरही कमी होणार नाही. हे तोंडी नको, पत्रावर द्या. दुसरी, शिकवण्याच्या दिवशी इन्सेन्टिव्ह मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीने मिळेल. तिसरी, एक पोरगा एका कामात ३ वर आला की ३०० रुपये, आणि महिन्यानंतरही तो ते काम बिनचूक करत असेल तर आणखी ३००. दोन पोरं, आठ कामं, १६ चौकोन : सगळे भरले तर ९,६०० रुपये. मशीनचा वेळ धरून हिशेब २० हजारांच्या आत राहतो. रकमेचे दोन भाग मुद्दाम केलेत. सगळी एकदम दिली तर फळ्यावर ३ लिहायची घाई होते.

आणि त्यांच्यासाठीही काहीतरी नवीन ठेवा. २२ वर्षं तेच सेटिंग करणाऱ्या माणसाला पुढे कुठे जायचं ते दिसत नसेल तर तो हातातलं घट्ट धरणारच. व्हीएमसीचं प्रोग्रॅमिंग, फिक्स्चर बनवणं, नव्या जॉबचं एस्टिमेट करताना तुमच्यासोबत बसणं, यातलं जे त्यांना आवडेल ते द्या. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या सरकारी संस्थांत कामावर असलेल्यांसाठी कमी मुदतीचे कोर्स असतात. लग्न पार पडल्यावर, पावसाळ्यात, शॉपच्या खर्चाने पाठवा. जाण्याचा मानही त्यांना मिळू द्या.

एक सावधगिरी. उत्तम कारागीर उत्तम शिकवणारा असतोच असं नाही. ज्याला एखादी गोष्ट वीस वर्षं सहज येते, त्याला ती अवघड का वाटावी हेच आठवत नाही. तुमच्याकडे दोन-तीन वर्षांचा, नीट चालवणारा ऑपरेटर असेल तर मायक्रोमीटर, जॉब पकडणं, नोंदी ही पहिली कामं त्याला शिकवू द्या. कुठे अडखळायला होतं, ते त्याला अजून ताजं आठवतं. मिस्त्रींचा वेळ सॉफ्ट जॉ, वर्क झीरो, पहिला पीस यांसाठी राखा. तिथे त्यांच्याशिवाय पर्याय नाही. सॉफ्ट जॉ बोअर करताना रिंग पकडून, जॉबसाठी जेवढा चक प्रेशर ठेवणार तेवढ्याच प्रेशरला का कापायचे. पातळ कास्टिंगला प्रेशर जास्त झाला तर जॉब सुटल्यावर बोअर तीन कोनी का होतो. आणि तसा बोअर दोन ठिकाणी टेकणाऱ्या बोअर डायलला गोल का दिसतो, हे त्यांनीच सांगायला हवं. कुठल्याच कागदात हे पूर्ण उतरत नाही.

कामाचं शिक्षण एकीकडे आणि पोराला हाताशी धरणं दुसरीकडे. दुसऱ्यासाठी माणूसही वेगळा हवा. जुन्या लेथवरचे एखादे शांत, वयस्कर टर्नर असतील तर दोन्ही पोरं त्यांच्याकडे सोपवा. शनिवारी जेवणाच्या सुट्टीनंतर पंधरा मिनिटं, ऑफिसबाहेर. विचारायचं एवढंच : या आठवड्यात कुठे अडलं, कुणाला विचारायला लाज वाटली, घरी काही अडचण आहे का. खोलीचं भाडं, पाळीची बस, मेसचं जेवण, बरीच पोरं याच गोष्टींनी जातात आणि मालकाला ‘गावाकडे काम आहे’ एवढंच सांगतात. या बोलण्यातलं काहीही पगारवाढीच्या हिशेबात येणार नाही, हा शब्द तुम्ही पाळायचा. म्हणूनच हे काम मालकाने स्वतः करू नये. पगार ठरवणाऱ्यासमोर कुणी मन मोकळं करत नाही.

राहण्याचं दुसरं कारण म्हणजे पुढची पायरी दिसणं. हेल्पर म्हणून आलेल्या पोराला आपण ऑपरेटर कधी होणार ते माहीत नसतं, आणि समोरचा शॉपवाला ५०० रुपये जास्त देतो हे मात्र माहीत असतं. पायऱ्या कागदावर लिहा : पहिल्या तीन रकान्यांत ३ आला की इतकी वाढ, सहा रकान्यांत आला की ऑपरेटर आणि इतका पगार. वाढ त्याच महिन्याच्या पगारात द्या, दिवाळीवर ढकलू नका. फळ्यावरचा आकडा आणि पाकिटातला आकडा एकमेकांशी जुळले नाहीत तर फळ्याकडे कुणी बघणार नाही.

पुढच्या वर्षासाठी शिकाऊ उमेदवारांचा विचार करा. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. चार ते २९ माणसांच्या आस्थापनांना शिकाऊ घेण्याची मुभा आहे, ३० पासून पुढे सक्ती. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार उमेदवाराच्या खात्यात भरतं. नोंदणी आणि करार शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर होतो. विद्यावेतनाचे त्या वेळचे दर तिथेच पाहा. आयटीआयचे टर्नर आणि मशिनिस्ट हे दोन्ही ट्रेड दोन वर्षांचे आहेत, त्यामुळे मुलाला मापं आणि ड्रॉइंग वाचता येतं आणि तुमची सुरुवात वरच्या पायरीवरून होते. पण त्याला वर्षभर चिप्स उचलायला आणि गाडी उतरवायला लावायचं असेल तर घेऊ नका. तो स्वस्तातला हेल्पर नाही, करारात लिहिलेला ट्रेड त्याला शिकवणं हे तुमचं बांधलेलं काम आहे.

नवा कुणीही आला तरी पहिले दोन आठवडे त्याने एकट्याने सायकल स्टार्टचं बटण दाबायचं नाही, आणि पहिले तीन महिने रात्रपाळीला एकटं राहायचं नाही. फिरणाऱ्या चकजवळ हातमोजे घालायचे नाहीत, लांब बाह्या नाहीत, जुन्या लेथच्या चकमध्ये किल्ली ठेवून हात काढायचा नाही, चिप्स हुकने ओढायच्या. यावर चर्चा नाही, सवलत नाही. बाकी सगळं चुकून शिकता येतं, हे चुकून शिकता येत नाही.

आता आठवडे मांडू. पहिले दोन : मिस्त्रींशी बोलणं, फळा, तीन-चार कागद. तिसरा ते पाचवा : जॉब पकडणं आणि मोजमाप, परीक्षेसह. सहावा ते आठवा : इन्सर्ट आणि वेअर ऑफसेट, रोज, वेगवेगळ्या टूलवर. नववा ते बारावा : पहिला पीस, सॉफ्ट जॉ, वर्क झीरो, आणि तेही फक्त रिपीट जॉबवर. या चार आठवड्यांत दर सेटिंगला पोराचा हात आणि मिस्त्रींचा डोळा. दीड तासाच्या सेटिंगला तीन तास लागतील, तेवढे डिलिव्हरीच्या तारखेत आधीच धरा. घाईत मिस्त्रींनी ‘सर बाजूला’ म्हटलं की तो दिवस वाया गेला.

दोनच आकडे रोज बघा. एक, शेवटचा चांगला पीस निघाल्यापासून पुढच्या जॉबचा पहिला चांगला पीस निघेपर्यंत किती वेळ गेला. दुसरा, एका पाळीत मिस्त्रींना किती वेळा हाक मारली. खडूने फळ्याच्या कोपऱ्यात रेघा ओढायच्या, शेजारी कशासाठी ते दोन शब्दांत. चौथ्या-पाचव्या आठवड्यात रेघा वाढतील. घाबरू नका, पोरं विचारू लागलीत. दहाव्यानंतरही त्याच कारणाने रेघा पडत असतील तर त्या कामाचा कागद चुकलाय, तो मिस्त्रींसोबत पुन्हा लिहा.

तेराव्या आणि चौदाव्या आठवड्यात तालीम. मिस्त्री शॉपमध्येच, पण जुन्या लेथवर किंवा ऑफिसमध्ये, आणि सेटिंग पूर्ण पोरांकडे. पहिल्या वेळी दोन दिवस, दुसऱ्या वेळी तीन. त्यांच्याकडे जायची परवानगी फक्त दोन कारणांसाठी : मशीन आपटलं, किंवा माप सलग दोन पीसला बाहेर गेलं. तालमीत जे अडेल ते पंधराव्या आठवड्यात दुरुस्त करा, त्यासाठीच तो मोकळा ठेवलाय. फौंड्रीला एप्रिलमध्येच सांगून ठेवा की त्या १२ दिवसांत रिपीट जॉबच घेऊ, आणि त्या कामांचे इन्सर्ट, सॉफ्ट जॉचे सेट, प्रोग्रॅमची मेमरी आणि कागदावरची प्रत एका कपाटात जॉबनिहाय लावून त्यावर चिठ्ठ्या चिकटवा.

लग्नाच्या दिवसांत मिस्त्रींना फोन करायचा नाही, तुम्हीही नाही. जे अडेल त्या जॉबला बाजूला ठेवायचं, दुसरा लावायचा आणि प्रश्न वहीत तारखेसह लिहायचा. अक्षता टाकायला शॉपमधून सगळे जा, ती एक पाळी बंद ठेवा. ते परत आले की पहिल्या सकाळी वही त्यांच्यासमोर उघडायची, आणि प्रश्न ज्याचा होता त्या पोराने तो वाचायचा.